एकच पान, दोघांनी वाचायचं: सायकलवाले आणि ड्रायव्हर यांची नियम-वाचनाची बैठक कशी घ्यावी

सायकल चालवायला लायसन्स लागत नाही, त्यामुळे रस्त्याच्या नियमांचं पुस्तक सायकलवाल्याच्या हातात कधी पडतच नाही. ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याने ते लर्निंगच्या परीक्षेआधी दोन रात्री चाळलेलं असतं. १५ पैकी ९ उत्तरं बरोबर आली की पुस्तक रद्दीत जातं. आता यात तिसरा गट आला आहे. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या इलेक्ट्रिक स्कूटरला कायदा मोटार वाहन मानत नाही. म्हणून तिला नंबर प्लेट नाही आणि चालवणाऱ्याला लायसन्सची गरज नाही. घरपोच डबे आणि सामान पोचवणारी कितीतरी मुलं अशा गाड्यांवर दिवसभर रस्त्यावर असतात. नियमांचं एक पानही त्यांना कोणी दाखवलेलं नसतं.

हे तिघं ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर पातलीपाड्याच्या सिग्नलला एकमेकांना खेटून उभे असतात. दिवा हिरवा झाला की प्रत्येकजण आपल्या अंदाजाने निघतो.

मी ठाण्यात सायकलही चालवतो आणि गाडीही. २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईत पाम बीच रोडवर नेरूळजवळ टॅक्सीच्या धडकेत अवतार सैनी गेले. इंटेल इंडियाचे माजी प्रमुख, पेंटियम प्रोसेसरच्या कामातलं मोठं नाव, वय ६८. मित्रांसोबत सायकल चालवत होते. त्यानंतर कित्येक दिवस मी पहाटे सायकल काढली की घरचे दारापर्यंत येऊन सांगायचे, "हळू जा." मी हळूच जातो. पण मागून येणाऱ्याला माझ्याबद्दल काय ठाऊक आहे, यावर माझा जीव जास्त अवलंबून आहे. त्या विचारातून आमच्या सोसायटीत नियम वाचायची बैठक सुरू झाली. ती कशी घ्यायची ते इथे सविस्तर लिहितो. दोन तास, एक रविवार आणि पंधरा-वीस माणसं एवढं पुरतं.

आधी पुस्तक मिळवा, आणि बरोबर मिळवा

आरटीओच्या बाहेर मिळणारी पुस्तिका वाईट नसते, पण तिच्यात परीक्षेपुरतंच असतं. मुळातले नियम 'मोटार वाहन चालन विनियम' या नावाने जून २०१७ मध्ये केंद्र सरकारने काढले. त्याआधी १९८९ चे विनियम होते. आमच्या पहिल्या बैठकीत एक काका घरातलं जपून ठेवलेलं जुनं पुस्तक घेऊन आले होते, आणि पहिला अर्धा तास दोन पुस्तकं जुळवण्यातच गेला. तेव्हा आणलेल्या प्रतीवरचं वर्ष आधी बघा. या विनियमांचा आधार मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ११८. दंडाचे आकडे त्या अधिनियमात आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीत ते बरेच वाढले, त्यामुळे दंडाबद्दल बोलायचं तर दुरुस्तीनंतरची प्रतच घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे चिन्हांचा तक्ता. केंद्राच्या परिवहन पोर्टलवर आणि राज्याच्या परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर लर्निंगसाठीचं साहित्य आहे. त्यातला चिन्हांचा भाग रंगीत छापून घ्या. काळा-पांढरा छापला तर निम्मा अर्थ निघून जातो, कारण लाल कड आणि निळा गोल यांतच सगळा फरक आहे.

तिसरी गोष्ट ज्याला हौस आहे त्याच्यासाठी. रस्ता बांधणाऱ्यांचीही पुस्तकं असतात. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था ती काढते. चिन्हांसाठी आयआरसी ६७, रस्त्यावरच्या पट्ट्यांसाठी आयआरसी ३५, सायकल ट्रॅकसाठी आयआरसी ११, आणि रस्त्यावर काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळायची यासाठी आयआरसी एसपी ५५. सगळ्यांनी ती वाचायची गरज नाही. पण ती आहेत एवढं माहीत असलं तरी महापालिकेला लिहिलेल्या पत्राला वजन येतं. त्याबद्दल पुढे.

सगळं पुस्तक बैठकीत वाचू नका. आम्ही पहिल्या वेळी पडद्यावर पानामागून पान दाखवलं आणि अर्ध्या तासात मागच्या दोन रांगा रिकाम्या झाल्या. आठ पानं निवडा: दिवे, चिन्हं, पट्ट्या, चौक, ओव्हरटेक, हाताच्या खुणा, पादचारी-सायकलस्वार आणि अपघातानंतरची कर्तव्यं.

कोणाला बोलवायचं

नुसते सायकलवाले जमले तर ड्रायव्हरांना शिव्या देऊन बैठक संपते. नुसते ड्रायव्हर जमले तर उलटं होतं. दोघं हवेतच, आणि त्यातही रोज ज्यांची चाकं फिरतात ते हवेत. स्कूलबसचे काका, सोसायटीतल्या गाड्या चालवणारे पगारी ड्रायव्हर, कोपऱ्यावरच्या स्टँडचे रिक्षावाले, दूधवाला, पेपर टाकणारी मुलं, इस्त्रीवाला. पेपरवाला आणि दूधवाला हे आपल्या भागातले सगळ्यात जुने सायकलस्वार आहेत आणि त्यांना कोणी सायकलस्वार म्हणून बोलवत नाही. त्यांचं काम सकाळी नऊपर्यंत आटोपतं. म्हणून वेळ रविवारी साडेनऊची ठेवा. रिक्षावाल्यांची सकाळची भाडी बुडू नयेत म्हणून त्यांना आधी विचारून घ्या.

बोलावताना 'रस्ता सुरक्षा जनजागृती कार्यक्रम' असा फलक लावू नका. तो वाचला की माणसाला वाटतं, भाषण असणार. आम्ही लिहिलं होतं: "रविवारी साडेनऊला सात प्रश्न. चहा-पोहे आहेत." सोसायटीतल्या बायकांनी स्वतः जाऊन शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना निमंत्रण दिलं, म्हणून ते आले. एरवी त्यांना कोणी खुर्चीत बसवून काही विचारलेलं नव्हतं.

सात प्रश्न, पुस्तक बंद ठेवून

कागद वाटा आणि उत्तरं लिहून घ्या. नाव लिहायचं नाही. दोघादोघांच्या जोड्या करा, प्रत्येक जोडीत एक सायकलवाला आणि एक ड्रायव्हर.

पहिला प्रश्न: पहाटे सिग्नलचा पिवळा दिवा नुसता लुकलुकतोय. काय करायचं? आणि लाल लुकलुकत असेल तर? आमच्याकडे बहुतेकांनी लिहिलं, "सिग्नल बंद आहे, निघायचं." खरं उत्तर असं: पिवळा लुकलुकत असेल तर वेग कमी करून, बघून जायचं. लाल लुकलुकत असेल तर आधी पूर्ण थांबायचं, मग रस्ता मोकळा बघून निघायचं. हा प्रश्न पहिला ठेवण्यामागे कारण आहे. सायकलवाले पहाटे पाचला बाहेर पडतात आणि विमानतळाचं भाडं घेतलेली टॅक्सीही त्याच वेळी रिकाम्या रस्त्यावर पळत असते. दोघंही सिग्नल बंद समजून त्याच चौकात येतात.

दुसरा: निळ्या गोलात सायकल काढलेली पाटी आणि लाल कडेच्या गोलात सायकल काढलेली पाटी, दोन्हींचा अर्थ सांगा. निळा गोल म्हणजे ही वाट सायकलची. लाल कड म्हणजे सायकलला बंदी. आणि त्रिकोणात सायकल दिसली तर पुढे सायकली रस्ता ओलांडतात, ही ड्रायव्हरला सूचना. आकार लक्षात ठेवायची सोपी युक्ती: गोल हुकूम देतो, त्रिकोण सावध करतो, चौकोन माहिती देतो.

तिसरा: सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर माणूस पाऊल टाकतोय. आधी कोण जाणार? माणूस. हा नियम सायकललाही लागू आहे, हे सायकलवाल्यांना ठासून सांगावं लागतं. मासुंदा तलावाच्या कडेने घंटी वाजवत चालणाऱ्यांना बाजूला करणारे सायकलवाले मी पाहिले आहेत.

चौथा: चौकातली पिवळी तिरकी जाळी कशासाठी? पलीकडे बाहेर पडायला जागा असेल तरच त्या जाळीत शिरायचं. पाचवा: सर्कलमध्ये आधीपासून असलेल्या गाडीला वाट द्यायची की आत शिरणाऱ्या गाडीला? आधीपासून असलेल्या. वाशी-नेरूळमधल्या सेक्टरांत सर्कल भरपूर आहेत, तिकडे बैठक घेत असाल तर यावर जास्त वेळ द्या. सहावा: मधली सलग पांढरी रेषा आणि तुटक रेषा. सलग रेषा ओलांडायची नाही, तुटक रेषा सुरक्षित असेल तेव्हा ओलांडता येते.

सातव्या प्रश्नात एकाने उभं राहून उजवा हात आडवा सरळ बाहेर काढायचा आणि विचारायचं, मी काय सांगतोय? उत्तर आहे, उजवीकडे वळतोय. मग हात पसरून तळवा खाली करून वर-खाली हलवायचा: वेग कमी करतोय. कोपरातून हात वर उभा: थांबतोय. या खुणा एकेकाळी प्रत्येक ड्रायव्हरला येत होत्या. इंडिकेटर आले आणि त्या विस्मरणात गेल्या, पण सायकलला इंडिकेटर नाही. आमच्या बैठकीत स्टँडवरचे एक वयस्कर रिक्षावाले उठले आणि सगळ्या खुणा त्यांनी न चुकता करून दाखवल्या. कॉलेजातल्या मुलांनी त्या त्यांच्याकडूनच शिकून घेतल्या. तुमच्याकडेही असं कोणीतरी असणार. त्यांना शोधा, आणि हा भाग त्यांनाच घ्यायला सांगा.

उत्तरं तपासताना कोणाचं चुकलं ते विचारू नका. उत्तर पुस्तकात कुठे आहे ते जोडीने शोधायचं आणि मोठ्याने वाचायचं. विनियमांत एक वाक्य असं आहे की पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि अपंग यांची ड्रायव्हरने विशेष काळजी घ्यायची. ते कोणा ड्रायव्हरच्या तोंडून वाचून घ्या. त्यानंतर लगेच सायकलवाल्यांसाठी हे सांगा: भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे कुठलंही वाहन चालवणाऱ्याला लागतं. लायसन्स लागत नाही म्हणजे कायदाही लागत नाही, हा समज इथे संपायला हवा.

पोहे येतात तेव्हा आपोआप खरं बोलणं सुरू होतं, ते थांबवू नका. आमच्याकडचं मला शब्दशः आठवतं. रिक्षावाले म्हणाले, "तुम्ही सरळ चाललेले असता आणि अचानक आत येता, आम्ही कुठे जायचं?" कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "काका, तिथे खड्डा असतो. तुमचं चाक त्यातून निघतं, माझं अडकतं." ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "मग आत यायच्या आधी हात दाखव की बाळा. मी थांबेन." हात कसा दाखवायचा ते दोघांनाही दहा मिनिटांपूर्वी कळलं होतं.

खाली उतरून मोठ्या गाडीत बसा

हा भाग कोणत्याही कारणाने गाळू नका. पुस्तकात याबद्दल दोन ओळी असतात, आणि जीव मात्र इथेच जातात.

स्कूलबस किंवा टेम्पो आवारात उभा करा. इंजिन बंद, किल्ली काढून वॉचमनच्या हातात, हँडब्रेक ओढलेला, चाकाला वीट. एकेका सायकलवाल्याने ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं आणि बाकीच्यांनी सायकली घेऊन गाडीभोवती उभं राहायचं. सीटवरच्याने आरशात बघून सांगायचं, किती सायकली दिसतात. मागच्या बंपरला चिकटलेली सायकल दिसत नाही. क्लीनरच्या बाजूला, पुढच्या डाव्या दाराच्या खाली उभी असलेलीही दिसत नाही. बसच्या नाकासमोर उभं असलेलं आठ वर्षांचं मूल तर अजिबात दिसत नाही. न दिसणाऱ्या जागांभोवती खडूने रेघ ओढा. आवारात ती रांगोळीसारखी पसरलेली दिसली की सांगायला काही उरत नाही. आमच्याकडे एक आई त्या रेघेकडे बघून रडायला लागली, कारण तिचा मुलगा रोज त्याच जागेतून बससमोरून पळत रस्ता ओलांडायचा.

मग वळणाचा धडा. लांब गाडी डावीकडे वळताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत जातात. सिग्नलला डंपरच्या डाव्या बाजूच्या फटीत घुसलेली सायकल नेमकी त्या चाकांच्या वाटेवर असते. मुलांच्या खेळण्यातला लांब ट्रक फरशीवर वळवून हे दाखवता येतं. माजिवडा आणि कापूरबावडीला कंटेनर आणि डंपर यांची जी रीघ असते, तिथे हा एक नियम पाळा: मोठ्या गाडीच्या डावीकडून पुढे जायचं नाही. मागे थांबायचं. ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

आता अदलाबदल. ड्रायव्हरांना सायकलवर बसवा आणि आवारात एक सरळ रेघ धरून चालवायला सांगा. मागून कोणीतरी जोरात हॉर्न वाजवायचा. दचकून माणूस उजवीकडे मागे बघतो आणि मान वळली की हँडलही उजवीकडे जातं, म्हणजे थेट गाडीच्या वाटेत. हे एकदा स्वतःच्या अंगावर आलं की सायकलच्या अगदी मागे जाऊन हॉर्न दाबायची सवय सुटू लागते.

नाक्यापर्यंत चालत जा

चिन्हांचा तक्ता हातात घेऊन सगळ्यांनी जवळच्या चौकापर्यंत चालत जायचं. सायकल नाही, गाडी नाही. वाटेत दिसेल त्या प्रत्येक पाटीचा अर्थ सांगायचा, आणि जिथे पाटी हवी पण नाही किंवा झाडाआड, फ्लेक्सआड गेली आहे तिथे फोटो काढायचा. पुसून गेलेले झेब्रा, नसलेल्या थांबारेषा, रंग उडालेले गतिरोधक. गर्दीच्या वेळी जाऊ नका आणि रस्त्याच्या मध्ये उभं राहून फोटो काढू नका.

घोडबंदरवर राहणाऱ्यांनी उड्डाणपुलांची तोंडं नीट बघावीत. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, तिन्ही ठिकाणी तोच पेच आहे. खालून सरळ जाणारी सायकल डावीकडे असते. पुलावर चढायचं असलेली गाडी डावीकडून उजवीकडे सरकते, आणि पुढे पुलावरून उतरलेली गाडी वेगात असतानाच डावीकडे येते. सायकलवाल्याने या दोन जागांच्या आधी मागे बघायचं, हात दाखवायचा आणि आपली रेघ सोडायची नाही. ड्रायव्हरने उतार संपतानाच वेग कमी करायचा, खाली आल्यावर नाही.

मेट्रो ४ च्या कामाने इथल्या माणसाला बॅरिकेडची इतकी सवय लागली आहे की त्यातही नियम असतो हे कोणाला माहीत नसतं. कामाच्या जागेचे चार भाग करायचे असतात: आधी सूचना देणाऱ्या पाट्यांचा पट्टा, मग रस्ता हळूहळू अरुंद होत जाणारा भाग, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटी रस्ता पुन्हा मोकळा होणारा भाग. सायकलस्वाराला सगळ्यात जास्त धोका दुसऱ्या भागात. तीन लेन दोन होतात आणि तिसऱ्या लेनमधली सगळी वाहनं त्याच्या अंगावर येतात. तिथे कडेला चिकटून राहिलात तर बॅरिकेड आणि बस यांच्यामध्ये चेपले जाल. अरुंद भाग सुरू व्हायच्या बऱ्याच आधी मागे बघून, हात दाखवून लेनच्या मध्ये या आणि तो भाग पार होईपर्यंत तिथेच राहा. मागच्या ड्रायव्हरला चार सेकंद उशीर होईल. त्याने ते चार सेकंद द्यायचे आहेत, हे बैठकीत त्याच्यासमोरच बोलून घ्या. आणि वाहनांचा वेग बघून लेनमध्ये येणं जमणार नाही असं वाटलं, तर खाली उतरून सायकल हातात धरून चालत पार करा. त्यात काही कमीपणा नाही.

सायकलवाल्यांनी घरी न्यायची पानं

मागे लाल दिवा, पुढे पांढरा, पेडलला रिफ्लेक्टर. घोट्याला चमकणारी पट्टी बांधली तर ती पायाबरोबर वर-खाली होते आणि लांबून माणूस ओळखू येतो. सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही, तरी घाला आणि पट्टा बांधा. लहान मुलांबद्दल मात्र एक नियम फार कमी पालकांना ठाऊक आहे. नऊ महिने ते चार वर्षांचं मूल स्कूटरवर मागे बसलं असेल तर त्याला हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा लागतो आणि वेग ताशी ४० च्या वर न्यायचा नाही. १५ फेब्रुवारी २०२३ पासून हे लागू आहे.

उभ्या गाड्यांच्या रांगेपासून दाराएवढं, म्हणजे मीटरभर अंतर ठेवा. गोखले रोडवर किंवा नौपाड्याच्या गल्ल्यांत कोणतं दार कधी उघडेल सांगता येत नाही. रांगेतल्या मोकळ्या जागेत आत शिरायचं आणि पुन्हा बाहेर यायचं असं करू नका. त्यानेच तुम्ही 'अचानक' येता. पावसात पांढऱ्या पट्ट्या, गटाराची झाकणं आणि कामावरच्या लोखंडी प्लेटा तेल लावल्यासारख्या होतात, त्यांच्यावर ब्रेक दाबू नका, वळू नका. येऊरच्या डोंगरावरून उतरताना एकच ब्रेक धरून ठेवू नका, दोन्ही थोडे थोडे वापरा. उलट्या दिशेने सायकल घालणं सर्व्हिस रोडवरसुद्धा चूकच आहे. गल्लीतून बाहेर येणारा माणूस वाहतूक येते त्या बाजूलाच बघतो.

ड्रायव्हरांनी घरी न्यायची पानं

यात वेगाचं पान पहिलं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि दहातल्या सुमारे सात मृत्यूंमागे जास्त वेग असल्याची नोंद आहे. ताशी ६० वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर. म्हणजे १२ मीटरच्या तीन बस एकामागे एक उभ्या करा, तेवढं अंतर. ताशी ४० वर हेच अंतर वीसेक मीटर होतं. आम्ही आवारात दोन्ही अंतरं टेपने मोजून खडूने आखली. ४० ची रेघ पार्किंगच्या खांबाशी आली. ६० ची रेघ गेटच्या बाहेर गेली. पाऊस पडल्यावर ती आणखी कितीतरी लांब जाते.

सायकलला ओलांडताना दीड मीटर सोडा. तेवढी जागा नसेल तर ओलांडू नका, मागे राहा. ओलांडून झाल्यावर लगेच तिच्यासमोर डावीकडे वळणं, म्हणजे कट मारणं, सगळ्यात वाईट. शंभर फुटांवर वळायचंच आहे तर सायकलला आधी पुढे जाऊ द्या.

गाडीचं दार दूरच्या हाताने उघडा. ड्रायव्हरने डाव्या हाताने, डावीकडच्या प्रवाशाने उजव्या हाताने. अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. रिक्षावाल्यांनी प्रवाशाला उतरवताना रिक्षा पूर्ण कडेला घ्यावी, अर्धी आत अर्धी बाहेर नको. पगारी ड्रायव्हरांसाठी एक गोष्ट गाडीच्या मालकांना सांगायची आहे: "लवकर घे" हे वाक्य तुम्ही मागच्या सीटवरून म्हणता आणि त्याची किंमत पुढच्या सीटवरचा माणूस किंवा रस्त्यावरचा तिसराच कोणी भरतो. बैठकीला मालकही हवेत, ते यासाठी.

अपघात झाला तर

हे पान पाठ हवं. १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ पोलिसांसह कुठल्याही तातडीच्या मदतीसाठी. मागून येणारी वाहतूक आधी थांबवा किंवा वळवा, मग जखमीकडे जा. हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका, पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा.

लोक पोलिसांच्या भीतीने पुढे येत नाहीत. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं आहे. मदत करणाऱ्याला त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदार धरता येत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून गेटवर लावा. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोचवणाऱ्याला राहवीर योजनेत २५,००० रुपये आहेत. मे २०२५ पासून मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला ठरवलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची योजनाही लागू आहे. गाडीने उडवलेला सायकलस्वारही त्यात येतो. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही तरी भरपाई आहे: मृत्यू झाला तर दोन लाख, गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये. घरच्यांना हे माहीत नसतं आणि अर्ज करायचा राहून जातो.

ड्रायव्हरांनी लक्षात ठेवायचं: जखमीला उपचार मिळवून देणं हे अपघात झालेल्या वाहनाच्या ड्रायव्हरचं कायदेशीर कर्तव्य आहे. जमाव मारेल अशी भीती खरी असू शकते. मग थोडं पुढे जाऊन लगेच ११२ ला फोन करा किंवा सरळ पोलीस ठाण्यात जा. पण फोन केल्याशिवाय निघून जायचं नाही.

फोटोंचं काय करायचं

चालताना काढलेले फोटो त्याच दिवशी वाटून घ्या, नाहीतर ते फोनमध्येच राहतात. आतला रस्ता असेल तर महापालिका, मेट्रोच्या बॅरिकेडच्या आतलं असेल तर एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), राष्ट्रीय महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. कोणाचं ते कळत नसेल तर 'आपले सरकार' पोर्टलवर टाका. पत्रात तक्रार एका ओळीत, जागा अचूक, फोटोवर तारीख, आणि जिथे लागू असेल तिथे आयआरसीचा क्रमांक. "खड्डे बुजवा" यापेक्षा "कामाच्या आधीच्या सूचनेच्या पाट्या एसपी ५५ प्रमाणे लावलेल्या नाहीत" असं लिहिलेलं पत्र सहज बाजूला टाकता येत नाही. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे न ठेवल्याने कोणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला आणि कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम १९८अ मध्ये आहे. त्याचाही उल्लेख करा. महिनाभर उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात त्या रस्त्याचा सुरक्षा तपासणी अहवाल मागा.

बैठक वर्षातून दोनदा घ्या. एकदा जानेवारीत, रस्ता सुरक्षा महिना असतो तेव्हा. वाहतूक पोलीस त्या काळात बोलावलं तर येतात, आधी लेखी पत्र द्या. दुसरी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, पहिल्या पावसाच्या आधी. त्या बैठकीत प्रश्न तेच सात ठेवा आणि जानेवारीच्या कागदांशी उत्तरं ताडून बघा. खडूच्या रेघाही नव्याने आखा, पहिल्या सरीत त्या धुऊन जातात. आम्ही आता त्या पिवळ्या ऑइलपेंटने आखल्या आहेत, आणि शाळेची बस रोज सकाळी त्या रेघांच्या मधोमध येऊन उभी राहते.